गार बोटं

"अहो औषधवाले, इकडे या. जरा हात द्या तुमचा!"

मेट्रनबाईंनी हाक मारली आणि औषधांची टोपली घेऊन लगबगीनं चाललेला तरुण फार्मासिस्ट दारातच सापडला. मुलाखतीला आलेल्या नव्या नर्सनं त्याच्या मनगटाला पट्टी बांधायची होती.

"जेवणाच्या सुट्टीनंतर तपासेन," बाई तिला म्हणाल्या. "तोवर पट्टी सुटली, की घरचा रस्ता धरायचा."

घरच्या रस्त्यावर मामांचं दुकान होतं, हीच तर पंचाईत! नर्सिंग पास झाल्यापासून ती दवाखान्यांचे उंबरठे झिजवत होती आणि जो तो अनुभव मागत होता. तो काय बाजारात मिळतो? आज जमलं नाही, तर उद्यापासून मामांच्या गल्ल्यावर बसायचं, असं घरी ठरलंच होतं.

ती पट्टी बांधू लागली.

"हात हलवू नका हो."

"माझा कुठे हलतोय? तुमचा थरथरतोय."

तिनं डोळे वटारले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलंच. ते त्यानं बरोबर टिपलं.

सुट्टीत ती बाकावर डबा नुसता उघडून बसली होती. तेवढ्यात तो समोर उभा राहिला.

"पेशंट तपासणीला हजर आहे."

तिनं सवयीनं त्याची बोटं हातात घेतली. बोटं गारढोण होती! नख दाबून पाहिलं, तर रंग परतायलाही वेळ लागला.

"मुंग्या येतायत का?"

"आता... येतायत थोड्या," तो तिच्याकडेच बघत म्हणाला.

"आवळली गेली वाटतं!" ती भराभरा पट्टी सोडू लागली.

"अहो, थांबा... बाई काय म्हणाल्या?"

"नोकरी गेली तर जाऊ दे. बोटं नाही जाऊ देणार मी."

पट्टी सुटली. कातडीवर साधा वळसुद्धा नव्हता. तो चाचरत म्हणाला, "ते... मी आत्ताच फ्रिजमध्ये लसी लावून आलोय. म्हणून गार आहेत."

"मग मघाशी काय मिठाची गुळणी धरली होती?" तिचे डोळे भरून आले. तिनं डबा बंद केला. "मामा वाट बघत असतील माझी."

पण ती निघण्याआधीच तो मेट्रनबाईंच्या खोलीत शिरला. ती धावत मागे गेली.

"चूक माझी आहे, बाई. बोटं फ्रिजमुळे गार होती. मी सांगणार होतो, पण..."

"पण काय?"

"यांनी हात धरला होता. सांगितलं असतं तर सोडला असता."

ती कानापर्यंत लाल झाली. बाईंनी चष्मा खाली केला. "आणि तू गं? माझं न ऐकता पट्टी सोडलीस?"

"हो. पुन्हा तशी बोटं हाताला लागली, तर पुन्हा सोडेन."

बाईंनी नवी पट्टी तिच्यापुढे टाकली. "बांध, माझ्यासमोर."

तिनं बांधली. या खेपेला थरथरत होता तो त्याचा हात. बाईंनी पट्टी ओढून पाहिली, बोटांवरून अंगठा फिरवला आणि त्या मुलाखतीच्या कागदाकडे वळल्या. "उद्या सकाळच्या पाळीला ये. आणि औषधवाले, तुम्ही तुमच्या फ्रिजकडे जा."

बाहेर आल्यावर तिनं पुन्हा त्याची बोटं हातात घेतली. चांगली ऊबदार होती.

"आता सगळं ठीक आहे ना?" त्यानं विचारलं.

"हो, एकदम ठीक."

"मग... हात सोडायचा असेल ना?"

"मी कुठे तसं म्हटलं?" ती म्हणाली.