ओली गोणपाटं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन उन्हाळे गेले होते. त्या काळी एका चहा कंपनीची गाडी बाजारगावांतून हिंडायची. लोकांना चहाची गोडी लागावी म्हणून कपभर चहा फुकट पाजायची. उमरग्याचा माणिकप्पा तिचा ड्रायव्हर. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं आणि घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बायको प्रेमाबाईलाही त्यानं सोबत घेतलं होतं. गाडीतच स्टोव्ह-भांडी, गाडीतच अंथरूण.

वैशाखात ते पत्र्याचं घर भट्टीसारखं तापायचं. माणिकप्पा टपावर कडुलिंबाच्या फांद्या बांधायचा, झाड बघून गाडी लावायचा, दारांना गोणपाटं टांगून ती सारखी भिजवत राहायचा. त्यातून वारा आला की आत जीव जरा थाऱ्यावर यायचा.

सोलापुरात माल भरून ते तुळजापूरच्या बाजाराला निघाले, आणि तामलवाडी सोडल्यावर गाडीच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. रस्त्याकडेला एकच चिंच होती, तिच्याशेजारी कोरडी विहीर. माणिकप्पानं गाडी कशीबशी चिंचेखाली आणली आणि एका बैलगाडीवाल्याजवळ लोहाराला निरोप धाडला.

दुपारी प्रेमाबाईला ऊन लागलं. अंग फणफणलं, ती बरळू लागली. पिंपात पाण्याचा टिपूस उरला नव्हता आणि गोणपाटं वाळून कडक झाली होती. तिला एकटं टाकून जाणं माणिकप्पाच्या जिवावर आलं. पण पाण्याशिवाय ती वाचली नसती.

"आलोच मी," म्हणून त्यानं बादली उचलली.

रानात चिटपाखरू नव्हतं. स्वतःच्या वहाणांचा आवाज तेवढा त्याला सोबत होता. लांबच्या एका मळ्यात दगडाबाई नावाची म्हातारी भेटली. ती विहिरीतून पाणी शेंदून त्याची बादली भरू लागली.

"गाडी कुठं हाय, बाबा?"

"चिंचेखाली. बायको आहे आत. आजारी आहे."

म्हातारीचा हात दोरावरच थांबला.

"एकली?"

"हो."

"तिथल्या हिरीत एक बाई पान्यासाठी उतरली हुती... दुष्काळात. वर आलीच न्हाय." म्हातारीनं आवाज आणखी खाली आणला. "पळ बाबा. आत येऊ का म्हनून कुणी इचारलं, तर व्हय म्हनू नगं म्हनावं तिला."

तो पळत सुटला. बादली हिंदकळून निम्मं पाणी वाटेतच सांडलं. गाडीपाशी आला आणि जागीच थबकला.

गोणपाटं निथळत होती. खालच्या मातीत चिखल झाला होता. त्या पाण्याला कुजलेल्या पाल्याचा, बंद अंधाराचा वास येत होता.

आत प्रेमाबाई शांत पडली होती. त्यानं कपाळाला हात लावला. ताप उतरला होता.

"गोणपाटं कुणी भिजवली?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच की... मघापासून. सावली दिसत होती मला."

"मी आत्ता येतोय, प्रेमा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग आत येऊ का, असं कुणी विचारलं? मला नवलच वाटलं... मी आपलं, या म्हटलं."

म्हातारीचं बोलणं माणिकप्पानं पोटातच ठेवलं. लोहारानं पाटा जोडून दिला आणि दिवस बुडायच्या आत त्यांनी ती जागा सोडली. तुळजापुरात प्रेमाबाई दोन घास जेवली, हसलीसुद्धा. त्याला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात चहा वाटून तो भर दुपारी गाडीकडे परतला. गडबडीत गोणपाटं टांगायची राहून गेली होती. दाराच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. त्यानं दार उघडलं.

आतून गारवा अंगावर आला.

प्रेमाबाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. मोकळ्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"प्रेमा... बरं वाटतंय ना?"

तिनं वळून पाहिलं नाही.

"हळू बोला," ती प्रेमाबाईच्याच आवाजात म्हणाली. "आत्ताच झोपलीय ती."