अकरा मिनिटांचा पहारा

ती आत आली तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसला होता.

"बंद पडलाय का?"

"नाही. चालू होतोय."

"कधीपासून?"

"चार मिनिटं झाली. अजून सात लागतील."

पाण्याच्या नमुन्यांची पेटी टेबलावर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली – दुखणं अंगावर काढलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, तशी.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मोजणीयंत्र एक, त्याला जोडलेला कॉम्प्युटर एक, आणि आजपासून तो वापरणारी माणसं दोन. सकाळची मोजणी त्याची. तिनं सकाळी नमुने आणायचे आणि दुपारी मोजणीला बसायचं. दोन मिनिटांचं काम होतं तिचं तिथं. पण ती स्टूल ओढून बसली.

"यात दोन-दोन अँटिव्हायरस आहेत!" अकराव्या मिनिटाला ती ओरडलीच.

"एक ऑफिसनं टाकलेला. दुसरा माझा."

"इंटरनेट आहे याला?"

"नाही."

"मग चोर येणार कुठून? विहिरीच्या तळाशी घर बांधलंय आणि दाराशी दोन पहारेकरी!"

त्यानं खाली बघत सांगितलं, की कॉलेजात कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता आणि त्याची तीन महिन्यांची मोजमापं गिळून गेला होता.

"दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे समजू शकते," ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही तर पाणीसुद्धा फुंकताय."

आठवड्याभरात तिनं त्याच कॉम्प्युटरवर, त्याच्या विंडोजशेजारी, आपली लिनक्स ही दुसरी सिस्टीम बसवली. आता मशीन सुरू केलं की आधी विचारायचं – कुणाची सिस्टीम? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर यादीत पहिली असेल ती सुरू. ती रोज दुपारी आपली पहिली करून जायची, तो रोज सकाळी आपलं विंडोज पुन्हा वर आणायचा. विभागप्रमुख बाईंनी दोघांची नावंच ठेवली – विंडोजवाला तो खिडकी, आणि लिनक्सच्या चिन्हावरून ती पेंग्विन. "तुमची भांडणं झाली असतील तर पाणीही तपासा जरा," असं त्या जाता-येता म्हणायच्या.

ऑफिसचा अँटिव्हायरस बडबड्या. दर पंधरा मिनिटांनी कोपऱ्यात हिरवी खूण उगवायची – 'कोणताही धोका आढळला नाही'. त्याचा स्वतःचा मात्र मुका, काम करायचा, बोलायचा नाही.

"अगदी मालकासारखा," ती म्हणाली. तोवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं होतं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

ते हिरवं वाक्य त्यांच्यात मुरलं. त्यानं केलेल्या चहाचा पहिला घोट घेऊन ती गंभीरपणे म्हणायची, "कोणताही धोका आढळला नाही." बाई रागावून निघून गेल्या, की तो दाराबाहेर डोकावून तेच म्हणायचा. आणि रोजची ती अकरा मिनिटं... त्याला वाटायचं, वीस का नाहीत?

मग तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्यानं अभिनंदन केलं. नको जाऊस, एवढे दोन शब्द काही केल्या ओठांवर येईनात.

शुक्रवारी संध्याकाळी निघताना ती दारात थांबली.

"उद्या मी नाहीये. मशीन सुरू केलंस की... नीट बघ हं."

"काय?"

"बघ म्हटलं ना!" कान लाल झालेले, आणि पाय जिन्यावर.

शनिवारी त्यानं अकरा मिनिटं श्वास रोखून काढली. स्क्रीन उजळला. रोजचंच सगळं. त्यानं फोल्डरमागून फोल्डर उघडले, दुपारपर्यंत शोधलं. काही नव्हतं. लिहिलं असेल आणि मन बदलून पुसून टाकलं असेल, त्याला वाटलं. पुसलेलं विचारू नये – असा शहाणपणा त्यानं केला.

सोमवारी ती आली. स्टुलावर बसली नाही.

"मग?" तिनं विचारलं. "काही... म्हणायचंय?"

म्हणायचं तर होतं. पण तिच्या वाटेत आडवं पडायचा आपल्याला काय हक्क? नेमकी तेव्हाच कोपऱ्यात हिरवी खूण उगवली. त्यानं तिकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाला, "कोणताही धोका आढळला नाही."

तीही हसली. जरा उशिरानं.

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस."

त्याच दुपारी तिनं होकार कळवला. तिकडे, त्या शहराला.

दीड वर्षानं नवं मशीन आलं. जुनं साफ करून शाळेला द्यायचं ठरलं. नोटीस बोर्डावर तिच्या लग्नाची पत्रिका होती. लग्न होऊन महिना झाला तरी ती कुणी काढली नव्हती.

त्यानं आधी बडबड्याला काढलं. मग आपल्या मुक्याला. जाता जाता तो पहिल्यांदाच बोलला – 'एक फाइल बंदिस्त आहे. कायमची नष्ट करायची?'

तारीख त्याच शनिवारची. कारण: अनोळखी प्रोग्राम. फाइलचं नाव: 'पहारेकऱ्यासाठी'.

त्यानं ती सोडवली, उघडली. छोटीशी चौकट आली.

'तुझ्या सिस्टीमवर चालणारा प्रोग्राम आयुष्यात पहिल्यांदा लिहिलाय. हसू नकोस. तू म्हणालास तर मी जाणार नाही.'

खाली दोन बटणं. 'जा' आणि 'थांब'.

त्यानं बाण 'जा'कडे नेला. बटण टुणकन बाजूला सरकलं. पुन्हा नेला, पुन्हा पळालं. कितीही पाठलाग केला तरी सापडू नये, अशी सोय तिनं करून ठेवली होती. तो हसला, आणि हसता हसताच स्क्रीन धूसर झाला. चष्मा पुसून त्यानं 'थांब' दाबलं.

चौकटीतली अक्षरं बदलली.

'उत्तर जपून ठेवलंय. सोमवारी आल्या आल्या बघते.'