नागापूरला राहायला कोण जाणार

परतीच्या पावसानं कल्याण साळवेची मोटारसायकल नेमकी आमच्या चर्चच्या फाटकाशी बंद पाडली. नगरात राहून चार वर्षं तो उपासनेला फिरकला नव्हता. पोर्चमध्ये शर्ट पिळत उभा होता, तोच मंडळीची सेक्रेटरी जया लोंढे बाहेर आली.

"तुमचं नाव रजिस्टरात आहे ना?"

"असेल... बाप्तिस्मा इथलाच आहे."

"मग आत या. सभेला एक माणूस कमी पडतोय."

असा तो आमच्या नियोजन समितीत आला. पुढची दहा वर्षं मंडळीनं काय करायचं, हे आम्ही ठरवत होतो. सभा इतक्या लांबल्या, की छतातल्या पारव्यांना पणतवंडं झाली. पहिल्या ठरावाला डुलकी लागलेल्या, समितीतल्या म्हाताऱ्या भिमाजींची दाढी सातव्याला गुडघ्यावर टेकली. तरुण माणसं कारखान्यांपायी नागापूरला गेलेली, बाकं रिकामी, आणि दर रविवारी तीच चर्चा. सगळे दमलो होतो.

ही दोघं सोडून. जया मुद्दा वाचायची, कल्याण हरकत घ्यायचा.

"मागच्या वेळी तुम्हीच हे सुचवलंत."

"तेव्हा तुम्ही घाईत वाचलं होतं."

"आणि आज?"

"आज... परत एकदा वाचा."

शेजारी बसणाऱ्या लंकाबाई माझ्या कानाशी कण्हायच्या, "ह्या दोघांपायी आमी हितंच मातीला मिळनार."

दीड वर्षानं, एका रविवारी, कल्याणनं एकही हरकत घेतली नाही. चहाच्या वेळी जयाला म्हणाला, "चाकणच्या कंपनीनं नोकरीला बोलावलंय. उद्या होय-नाही कळवायचंय."

"चांगलं आहे की," ती म्हणाली, आणि त्याच्या कपात तिसऱ्यांदा साखर घातली.

त्या दिवशी शेवटचा मुद्दा होता — नागापूरला घरोघरी प्रार्थना. त्यासाठी तिथं एखादं कुटुंब राहायला हवं. एकट्या पुरुषाच्या खोलीवर आमच्या बायका प्रार्थनेला जात नाहीत.

"कोण जाईल?" पाळकांनी विचारलं.

कुणाचे गुडघे आडवे आले, कुणाची नातवंडं.

"मग काढून टाकू हा मुद्दा," पाळक थकून म्हणाले.

कल्याण उठला. "माझी खोली आहे तिथं. पण मी एकटा."

"एकट्यानं नाही भागायचं, बाबा."

जयानं वहीतून मान वर केली नाही. "आणि चाकण?"

"कुणी राहा म्हटलं, तर..."

"इथं तोंडी चालत नाही," ती म्हणाली. तिनं एक ओळ लिहिली, वही पाळकांपुढं सरकवली. पाळकांनी चष्मा पुसला, वाचलं —

"नागापूरला राहायला: कल्याण साळवे आणि जया लोंढे. लग्न झाल्याबरोबर."

"हे ठरलं कधी?" त्यांनी विचारलं.

"आत्ता. मत घ्या, माणसं दमलीत."

हात वर झाले. झोपलेल्या भिमाजींचा लंकाबाईंनी उचलला. कल्याणचा तेवढा खाली.

"विरोध आहे का?" जयानं हळूच विचारलं.

"नाही... उचलतच नाहीये."

टेबलाला वळसा घालून ती गेली, आणि त्याचा हात धरून वर केला. आम्ही घरी येऊन झोपलो. संध्याकाळी कुलूप लावायला गेलेली राहीबाई सांगते, हात अजून वरच होता.