शमुवेलरावांची मंगळवारची नोंद

त्या वर्षी ईस्टरच्या उपासनेला मंडळीत अकरा ‘उठलेले’ हजर होते. पाळकांनी “प्रभू उठला आहे” म्हटलं, मंडळीने “खरोखर उठला आहे” असं उत्तर दिलं, आणि मागच्या जूनमध्ये स्वतः उठलेले काळोखे गुरुजी दुसऱ्या बाकावर घड्याळ बघत राहिले. पहिल्या वर्षी मेलेली माणसं अशी परत आलेली पाहून बायका रडल्या होत्या. आता कमिटीत वाद होता तो यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का, यावर. पाळकांनी तो मिटवला. हे सगळे येशूने कबरेतून उठवलेल्या लाजरासारखे. परत आले, पुन्हा मरतील. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर मरण नाही. तेव्हा उठवणी केंद्रातून आलेल्यांनी जुन्याच बाप्तिस्म्यावर भागवावं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात रूथबाई आढाव यांचा नंबर लागला. त्या मिशन शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवऱ्याला, शमुवेलरावांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. केंद्राची रांगच तेवढी होती.

केंद्राचं काम समजायला अवघड नाही. रांगोळीचा कण न् कण कुठे आहे हे टिपून ठेवलं, तर वाऱ्याने उडाल्यावर ती तशीच्या तशी पुन्हा घालता येते. माणसाच्या शरीराचं असं टिपण म्हणजे ‘देहनोंद’. नोंद घेतली त्या क्षणापर्यंतचं सगळं परत येतं, आठवणींसकट. त्यानंतरचं काहीच येत नाही. आणि कायद्याने एका माणसाला एकदाच उठवता येतं.

“शमुवेलरावांच्या दोन नोंदी आहेत,” केंद्रातले डॉ. कानिटकर म्हणाले. “एक बासष्टाव्या वर्षाची, ठणठणीत. दुसरी हॉस्पिटलमधली, मंगळवारची. तिच्यात मेंदूतली गाठही आहे. जेमतेम नऊ दिवस मिळतील. ती कुणी घेत नाही, बाई. फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून विचारतोय.”

“गाठ वगळून नाही मांडता येत?”

“कुठल्या कणात कोणती आठवण, ते अजून वाचता येत नाही. जसंच्या तसं उतरवता येतं फक्त.”

“सातवीला होती माझ्याकडे अशी मुलं,” रूथबाई म्हणाल्या. “त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी काय झालं, सांगते.”

त्यांच्या मुलीने, करुणाने, मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं होतं. त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही. पोरगी आईवर रुसली, असं धरून रूथबाईंनी अकरा वर्षं काढली. मरणाआधी दहा दिवस, सोमवारी, शमुवेलराव म्हणाले, “तुझ्या फोनवर तिचा नंबर मीच ब्लॉक केलाय. मला माफ कर.” रूथबाई तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी माफ केलं. शमुवेलराव लहान मुलासारखे रडले.

“मग बासष्टचेच घ्या,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा तर त्यांनी कबूल केलेलंच नव्हतं. विषयच नाही.”

“तेव्हा नंबर ब्लॉकच होता, डॉक्टर. बरं केलं, असंच वाटत होतं त्यांना. मी कुणाला माफ करू? ज्यांना काही झालंय हेच माहीत नाही त्यांना?”

“पण जगतील वीस वर्षं.”

“आमचा प्रभू उठला तेव्हा हातात खिळ्यांचे व्रण होते. शंका घेणाऱ्या थोमाला दाखवले त्याने.”

“ओळख पटावी म्हणून?”

“ओळख कबरेपाशी रडणाऱ्या मरियेला नुसत्या हाकेवर पटली होती. व्रण पुसून उठणं त्याला जड नव्हतं. पण मग क्रुसावर गेला तो कोण होता?”

कानिटकरांनी फॉर्म पुढे सरकवला. रूथबाईंनी मंगळवारवर खूण केली.

शमुवेलराव पुढच्या महिन्यात एका सकाळी उठले. रूथबाई खोलीत आल्या, पलंगाशी बसल्या आणि लगेच म्हणाल्या, “अहो, मी तुम्हाला माफ केलंय.”

शमुवेलरावांच्या हिशेबाने कबुलीला एक दिवस झाला होता.

“एवढ्यात?”

“दोन वर्षं झाली. करुणा दर रविवारी बोलते माझ्याशी. नातू पोहायला शिकला.”

“रडली असशील.”

“रडले की.”

“मी नव्हतो तिथे.” शमुवेलरावांनी तोंड भिंतीकडे केलं. “हे तू घरून पाठ करून आलीयेस, रूथ. अकरा वर्षांचं पाप, आणि तू शाळेची हजेरी घ्यावी तशी माफी देतेस.”

“तेव्हा तीन दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी. तुम्ही त्यातला एकच पाहिलाय.”

“मग राहिलेले दोन दे.”

“नऊच दिवस आहेत, अहो.”

“माहीत आहे. सांगितलं त्या डॉक्टरने. दे.”

रूथबाईंनी आठवून पाहिलं. फोनवरची ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी, तिच्यातलं मुलीचं नाव. राग काही येईना. तो केव्हाच सरला होता, आणि त्याची नोंद कुणी ठेवली नव्हती. शेवटी दहाच्या ठोक्याला त्या उठल्या, त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि अबोला धरून त्या नवऱ्याकडे पाठ करून बसल्या.

थोड्या वेळाने नर्स आली. “आजी, भांडलात की काय? आजोबा तर गाढ झोपलेत.”

रूथबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.