पेत्राचा कोंबडा

धुळ्यात बसस्टँडजवळच्या एका लहानशा छापखान्यात मी प्रुफं तपासायची. साल सत्त्याऐंशी. मालक सुपडूभाऊ, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे दोघं आणि मी, एवढाच पसारा.

एका दुपारी एक उंच, सावळा तरुण आत आला. हातात मी तपासलेला कागद.

"माफ करा... इथला कोंबडा कोणी काढला?"

मला हसूच फुटलं. "मी! देवाच्या गाण्यात कोंबडा बरा दिसतो का? मी 'पाखरू' केलं. 'पाखरू बोलले, पेत्र रडला.' किती गोड झालं बघा!"

खिळे जुळवणारे दोघंही खो-खो हसले. तो हसला नाही.

"माझ्या वडिलांची गीतं आहेत ही," तो हळूच म्हणाला. "नवापूरकडे गावोगाव फिरून गायचे. गेल्या साली वारले... पुस्तक व्हावं एवढीच इच्छा होती त्यांची."

माझे कान तापले. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

त्यालाच माझी दया आली असावी. स्टुलावर बसत तो म्हणाला, "पेत्र म्हणजे येशूचा जिवलग शिष्य. येशूला धरून नेलं, तेव्हा लोकांनी पेत्राला विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. असं तीनदा! तेवढ्यात कोंबडा आरवला. आणि येशूनं आधीच सांगून ठेवलं होतं, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. आता कोंबडाच काढला, तर बिचारा पेत्र रडेल कशाला?"

मी मुकाट्यानं कोंबडा परत लिहिला.

"नाव काय तुमचं?"

"कोकिळा."

"तरीच! दुसऱ्या पाखराचा आवाज खपत नाही तुम्हाला."

त्याचं नाव अमोस. शाळेत मास्तर होता. मग तो दिवसाआड येऊ लागला. प्रुफं नेणं हे निमित्त... हे दोघांनाही ठाऊक होतं. एका गीतात हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागं सोडणारा मेंढपाळ होता.

"नव्याण्णव रानात टाकून?" मी म्हटलं. "आमच्या सोनगीरकडे कुणी असं केलं तर लोक वेडा म्हणतील त्याला."

"वेडाच तो," अमोस म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "पण ते एक मेंढरू कसं असेल... ते कुणी बघितलंय?"

त्या दिवशी माझ्या हातून सतरा चुका सुटल्या.

मार्चमधली गोष्ट. स्टँडवरच्या रसवंतीत आम्ही एका बाकावर उसाचा रस पीत होतो. समोरून देवचंदनाना आले. माझे चुलते. वडिलांमागे त्यांनीच मला शिकवलं, वाढवलं.

"हाऊ कोन शे वं?" अमोसकडे बोट करत त्यांनी विचारलं.

"नही माहीत, नाना."

"मंग तुना जोडे एकाच बाकवर कसा बठेल शे?"

"बाक एकच शे ना, नाना. माले काय माहीत?"

"वळखस नही ना याले?"

"नही. मी नही वळखत."

अमोसनं अर्धा ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सोसला असता.

नाना मला घेऊन सोनगीरच्या बसमध्ये बसले. धुळ्याबाहेर नगावबारीपाशी बस वळली आणि मला एकाएकी उमगलं... तीनदा. मीही तीनदाच. तोंडात पदर कोंबून मी खिडकीकडे वळले.

"काय व्हयनं वं?" नाना विचारत राहिले. काय सांगणार?

त्यानंतर प्रुफं न्यायला दुसराच माणूस येऊ लागला. अमोसचं नाव निघालं की मी मान वर करत नसे. शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'तळ्याकाठी त्रिवार पुसले, प्रीती मजवर आहे का?' अर्थ लागेना. विचारायचं कुणाला?

शनिवारी नाना जेवायला बसले होते. मी समोर उभी राहिले. "नाना, त्या दिवशी मी खोटं सांगं. त्याले मी वळखस. माले तो आवडस."

नानांचा हात ताटातच थांबला. "त्याना धरम दुसरा शे."

"माहीत शे, नाना."

ते तसेच उठले. भाकरी अर्धी राहिली.

रविवारी मी चर्चबाहेर लिंबाखाली थांबले. अमोस बाहेर आला, मला बघून थबकला.

"एक ओळ कळत नाही," मी म्हटलं आणि ओळ सांगितली.

तो लिंबाखाली आला. "ते पेत्रालाच विचारलंय. येशू मेल्यावर पुन्हा जिवंत होऊन आला तेव्हा, तळ्याकाठी. माझ्यावर प्रीती करतोस का... तीनदा."

"तीनदा का?"

"वडील म्हणायचे, जितक्यांदा नाही म्हटलं, तितक्यांदा हो म्हणायला मिळावं म्हणून."

"नानांना सांगितलं मी... काल. तुम्ही मला विचारा ना."

"आत्ता नाही, कोकिळा. रसवंतीत तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं." तो फाटकाकडे वळला. "राग गेला तर येईन."

त्याला अकरा दिवस लागले. नेमके त्याच दुपारी नाना मला कामावरून कायमचं न्यायला आले होते. माझी पिशवी त्यांच्या हातात होती. अमोस दारात आला. नानांना बघून पाय अडखळला त्याचा... मग त्यानं हात जोडले आणि त्यांच्यासमोरच मला विचारलं, "माझ्यावर प्रीती आहे का?" एकदाच. खिळे जुळवणारे हात थांबले.

मी अमोसकडे पाहिलं. मग नानांकडे. "हो," मी म्हटलं.

नानांनी चप्पल घातली आणि ते स्टँडकडे निघाले. पिशवी मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले.