बुडालेल्या शिवारातली होडी

इझर नदीकाठच्या खंदकातून कामील देबारे सकाळी आठला निघाला, तो एक मशीनगन परत आणायला. ती होती पाण्याने वेढलेल्या एका शेतघरात, आणि तिथल्या तिघा पहारेकऱ्यांचा दोन दिवस पत्ता नव्हता. जर्मनांना थोपवायला बेल्जियन सैन्याने समुद्राचं पाणी आत घेतलं, तेव्हापासून दोन्ही खंदकांमधला सगळा मुलूख वर्षभर बुडालेला होता. त्यातला प्रत्येक चर, प्रत्येक बांध कामीलला पाठ होता. लढाईआधी तो इथेच बीट पिकवायचा.

होडीत पुढे तो, मागे कॉर्पोरल ओडील. धुकं इतकं दाट, की हातातल्या काठीचं टोक दिसेना.

"हे धुकं आहे तोवर आपण आहोत, लेका," ओडील कुजबुजला. "उठलं की संपलो!"

बुडलेल्या कुंपणाच्या तारा होडीचा तळ खरवडत होत्या. एक फुगलेली गाय संथपणे आडवी गेली. पाखराचासुद्धा आवाज नव्हता. काठी कधी चिखलात रुतायची, कधी चिखलाहून मऊ कशात तरी. तेव्हा कामील खाली बघायचा नाही.

शेतघराचं छप्पर तोफगोळ्याने उडालं होतं. आत दोन प्रेतं. तिसरा गायब! गन मात्र धड होती. ती चढवली तशी होडी काठोकाठ दबली.

परतताना हाक आली. "कोण आहे?"

"जर्मनांचा डाव असेल," ओडीलने बंदूक उचलली. "नाव सांग!"

"रेमी... रेमी वानहाउट."

तिसरा पहारेकरी! मोडका पाय घेऊन तो विलोच्या झाडावर, फांदीला बिलगून बसला होता.

"गन किंवा माणूस," ओडील म्हणाला. "दोन्ही नाही मावणार. आणि हुकूम गनचा आहे."

"मग सांगा साहेबांना, होडी लहान निघाली," कामील म्हणाला.

ओडीलने एक सणसणीत शिवी हासडली आणि स्वतःच गन पाण्यात लोटली. धप्प!

त्या आवाजावर गोळ्या सुटल्या. कामीलने रेमीला ओढून घेतलं. धुकं विरत होतं. काठी मार! आणखी जोरात! ओडीलच्या कानाची पाळी उडाली, तरी त्याने हात थांबवला नाही. अखेर वाळूच्या पोत्यांना होडी धडकली.

खंदकात गरम कॉफी पोटात गेल्यावर रेमीने कामीलची बाही धरली.

"बाकीच्यांना कधी आणणार?"

"कोण बाकीचे?"

"शेजारच्या झाडांवरचे! दोन रात्री त्यांनीच मला जागं ठेवलं. 'झोपलास की पडशील' म्हणायचे. एक तर जर्मन होता."

कामीलने ती झाडं पाहिली होती. गेल्या वर्षीच्या लढाईतले निळे-करडे कोट फांद्यांत अडकले होते. कोटांवर चेहरे उरले नव्हते.

ओडील काही बोलणार, तोच कामीलने त्याचा हात दाबला.

"आणू," तो रेमीला म्हणाला. "धुकं पडू दे."

तीन दिवसांनी धुकं पडलं. या वेळी कुणाचा हुकूम नव्हता. कामील एकटाच होडी सोडत होता, तेवढ्यात कानाला पट्टी बांधलेला ओडील आला आणि काही न विचारता मागे बसला.