दुपारी उघडणारी पापणी

बेटावरून सकाळची बोट धरून पोलिक्सेनी आणि तिची थोरली बहीण आर्गिरो अथेन्सला निघाल्या, तेव्हा बाकावर दोघींच्या मध्ये एक पिशवी होती. तिच्यात डॉक्टरांसाठी घरचं बकरीच्या दुधाचं चीज आणि जवाचे कडक पाव होते. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाणं दोघींनाही पटत नसे. पोलिक्सेनीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजवा डोळा लहानपणापासूनच अधू; त्याने समोरचा समुद्र तिला निळ्या धुरासारखा दिसत होता. जो डोळा जायला आला होता, तोच तिचा खरा डोळा होता.

त्यांच्या गावात ईस्टरच्या आधी सगळेजण आपापल्या माणसांच्या कबरी चुन्याने रंगवतात. बाबा त्याच हिवाळ्यात गेले होते. जन्मभर त्यांनी चुनाभट्टी चालवली; त्यांच्याच भट्टीच्या शेवटच्या चुन्याने त्यांची कबर रंगवायची, असं पोलिक्सेनीने मनाशी धरलं होतं. बादलीत पाणी ओतलं, आणि तळाशी न विझलेलं एक ढेकूळ होतं ते फुटून उसळलं. चुना डोळ्यात गेला.

एरवी भाजलेलं भरून येतं, हे काही भरेना. डॉक्टर सार्री या शांत, नीटनेटक्या बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं की बुबुळावर एक पातळ साल असते, ती रोज झिजते आणि बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी ती रोज नव्याने विणतात. चुन्याने त्या पेशीच जाळल्या होत्या. विणणारंच कुणी उरलं नव्हतं. तिच्याच रक्तातून काढलेल्या पाण्याचे थेंब घालून झाले, पापण्यांना टाके घालून झाले. जखम होती तेवढीच राहिली.

डॉक्टरांना एक गोष्ट मात्र उमगत नव्हती. दवाखान्यात ठेवून सकाळी तपासलं की जखमेच्या कडा किंचित सरकल्यासारख्या वाटत. संध्याकाळी पुन्हा तितक्याच लांब. टाकेही असेच एका दिवशी सुटले. झोपेत डोळा चोळता का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं पोलिक्सेनी म्हणाली.

दुपारचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बेटावर दुपारी खिडक्यांच्या फळ्या लावून घेतात आणि गाव निपचित पडतं. कोंबडासुद्धा आरवत नाही. त्या वेळी तिला जाग येई ती डोळ्यात उजेड टोचल्यामुळे. पट्टी काढून उशीशी नीट घडी करून ठेवलेली असे. पापणी वर असे. आणि खोलीत ओल्या चुन्याचा वास... भट्टीवरून आल्यावर बाबांच्या सदऱ्याला यायचा तसा. मग ती डोक्याच्या रुमालाने स्वतःचे हात पलंगाच्या दांडीला बांधून निजू लागली. जाग आली की हात बांधलेलेच असत, आणि पट्टीची घडी उशीशी.

शेवटी न राहवून तिने बोटीवर ते बहिणीला सांगितलं.

आर्गिरोने पाव मोडून तिच्या हातात दिला. "बाबांच्या उशाशी बसून घोरलीस ना, त्याची ही शिक्षा."

हा त्यांच्या घरातला हिवाळ्यापासूनचा टोमणा होता. गावात मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. पुरायला नेईपर्यंत कुणीतरी जागं माणूस त्याच्या शेजारी लागतं. बाबा गेले त्या दुपारी पाळी दोघी बहिणींची होती. तू टेक जरा, मी बसलेय, असं आर्गिरो म्हणाली, आणि मग कॉफी ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली ती शेजारणींशी बोलत तिथेच रमली. परत आली तेव्हा पोलिक्सेनी खुर्चीत गाढ झोपलेली, आणि बाबांची डावी पापणी वर. आर्गिरोने अंगठ्याने ती मिटवली आणि वर हसलीही.

"घोरले मी," पोलिक्सेनी म्हणाली. "पण उठून गेलीस तू, ताई."

आर्गिरोने मांडीवरचा पावाचा चुरा समुद्रात झटकला.

अधू डोळ्याला हात लावायची डॉक्टरांची तयारी नव्हती. तोही गेला तर उरणार काय? म्हणून आर्गिरोच्या डाव्या डोळ्याच्या कडेची तिळाएवढी चकती घ्यायचं ठरलं होतं. तिथली जखम जीभ चावल्यासारखी आपोआप भरते, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या फेरीत चकती घेतली, आणि जखम भरलीही. तोवर त्या चकतीतल्या पेशी प्रयोगशाळेत, एका बाळंतिणीने दिलेल्या वारेच्या पातळ पापुद्र्यावर वाढत होत्या. त्यांची साय धरली तशा दोघी पुन्हा अथेन्सला आल्या, आणि ती साय पोलिक्सेनीच्या बुबुळावर चढवली गेली.

"माझा डोळा घेतेयस," तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेत होते तेव्हा आर्गिरो म्हणाली, "आता माझ्यासारखी नवऱ्याकडे वटारून बघू नकोस. त्या बिचाऱ्याला सवय नाही."

परिचारिकासुद्धा हसली. पोलिक्सेनीला हसू आलं नाही. ही साय टिकली नाही तर पुन्हा काही करता येणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातही फळ्या लावून घेतल्या गेल्या. बाहेर पाइनच्या झाडांवर किडे उन्हाने वेडे झाल्यासारखे किरकिरत होते. आर्गिरो उशाशी खुर्ची घेऊन बसली होती, बहिणीचे दोन्ही हात हातात धरून. आज काहीही झालं तरी डोळा मिटणार नाही, असं तिने कबूल केलं होतं. थोड्या वेळाने तिची पकड सैल झाली. मग श्वास संथ झाला.

"ताई..." पोलिक्सेनी कुजबुजली. "ताई, जागी आहेस ना..."

बाहेरची किरकिर एकदम थांबली. आधी वास आला. मग पट्टीची कड अलगद सुटली. तिने आर्गिरोची बोटं घट्ट दाबली; ती जागी झाली नाही. पापणीवर अंगठा टेकला. रुंद, गार, चुन्याने चिरा पडलेला. त्याने पापणी उचलली. दिसलं काहीच नाही. नुसता पांढरा उजेड. अंगठा तसाच राहिला. चुकीच्या घरात शिरलेला माणूस उंबऱ्याच्या आत थबकतो, तसा. मग त्याने पापणी खाली आणली, मायेने म्हणावं इतक्या हळू, आणि पट्टी होती तशी लावली. वास तिच्यावरून सरकत उशाकडच्या खुर्चीपाशी गेला.

त्यानंतर जखम झपाट्याने मिटत गेली. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा थेंब घालून निळा उजेड टाकला. पूर्वी जिथे हिरवा डाग पेटायचा तिथे आता स्वच्छ काळं बुबुळ होतं. "बघा," डॉक्टर म्हणाल्या, आणि पोलिक्सेनीने पाहिलं. डॉक्टरांच्या कानातले मोती दिसले, भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. ती रडली. आर्गिरोही रडली, पण एकाच, डाव्या डोळ्याने. तो पुसत ती म्हणाली की सकाळपासून काहीतरी खुपतंय, वारा लागला असेल. डॉक्टरांनी पिवळा थेंब घालून तोच निळा उजेड तिच्या डोळ्यावर टाकला, आणि तिथे हिरवा डाग पेटला. मग त्यांनी विचारलं, "दुपारी झोपेत तुम्ही डोळा चोळता का?"

आता दोघी बेटावर एकाच खोलीत निजतात. म्हणजे आर्गिरो निजते. पोलिक्सेनी दुपारभर तिच्या उशाशी बसून राहते. जेवणानंतर कॉफी घेते, पाठ टेकत नाही. दार तिने आतून लावलेलं असतं. डॉक्टरांनी आता आर्गिरोच्या पापण्यांना टाके घालायचं ठरवलं आहे. तोवर पोलिक्सेनी स्वतःचा तळवा त्या डोळ्यावर ठेवते. कुणी येणार असेल तर त्याला आधी हा हात उचलावा लागेल, असा तिचा हिशेब.

पहिले काही दिवस कुणी आलं नाही. वासही आला नाही. तिला वाटू लागलं की बाबांना हवं होतं ते एवढंच. कुणीतरी जागं.

मग परवा, आर्गिरो मंद घोरत असताना, तळव्याखाली काहीतरी हललं. बाहेरून कुणाचा स्पर्श नव्हता. पापणीच वर येत होती, हळूहळू, तिच्या तळव्याला ढकलत. तिने दाबून धरली, पण जोर तिच्याहून जास्त होता. तिने हात काढला.

आर्गिरो गाढ झोपेत होती. छाती एका लयीत वरखाली होत होती. आणि तिचा उघडा डावा डोळा दाराकडे लागला होता. बुबुळ सावकाश सरकू लागलं. दारापासून कपाटाकडे. कपाटापासून खिडकीकडे. खोलीतून चालणाऱ्या कुणाकडे तरी माणूस बघतं, तसं. मग ते पोलिक्सेनीच्या खुर्चीकडे वळलं, तिच्या खांद्याच्या किंचित वर चढलं, आणि तिथे थांबलं.

पोलिक्सेनीने मान वळवली नाही.